चोर-अलार्मचा सेन्सर हलवून घेतला, वायर वाढवून घेतली : राजारामपुरीतल्या एका दुकानाचा अनुभव

कोल्हापुरात नवीन अलार्म बसवून देणारे बक्कळ झालेत, कॅमेरे विकणारा प्रत्येक जण आता अलार्म पण विकतोय, पण घरात आधीपासून चांगली चालू असलेली वायरवाली सिस्टीम आहे आणि तिच्यातला एकच सेन्सर या भिंतीवरनं त्या भिंतीवर न्यायचाय असं सांगितलं की सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. दीड-दोन हजाराच्या कामात कुणाला इंटरेस्ट नसतो. म्हणून ज्यानं हे काम मन लावून केलं त्याच्याबद्दल सविस्तर लिहितोय, लांबलंय जरा, पण ज्यांच्या घरात असलं काम निघालंय त्यांना उपयोग होईल.

आमचं घर आर. के. नगरला. आई-अण्णा दोघंच असतात, मी कामाला गोकुळ शिरगावला, शिफ्टमध्ये. दिवाळीत आणि मे महिन्यात दोघं ताईकडं पुण्याला जातात, घर बंद राहतं, म्हणून घर बांधतानाच वायरिंगसोबत अलार्म करून घेतलेला. सगळ्या सेन्सरच्या तारा जिथं येतात ते आठ झोनचं, म्हणजे आठ लाईनींचं पॅनल, दोन दारांना मॅग्नेट, खाली हॉलमध्ये आणि वर जिन्यात असे हालचाल पकडणारे दोन पीआयआर सेन्सर, बाहेर भोंगा. वर्षानुवर्षं एका शब्दानं तक्रार नव्हती.

मग आवंदा आम्ही हॉल वाढवला. शेजारची छोटी गॅलरी आत घेतली, पश्चिमेला मोठी स्लायडिंगची खिडकी केली, सुताराकडनं छताला टेकणारं शोकेस करून घेतलं आणि सगळं झाल्यावर कळलं की सेन्सर जिथं होता तिथनं आता त्याला अर्धं शोकेस दिसतंय आणि अर्धी खिडकी. स्वयंपाकघराचं दार, जिथनं खरा माणूस आत येऊ शकतो, ते पार शोकेसच्या मागं गेलं. म्हणजे चोर आला तर दिसणार नाही आणि ऊन आलं की बोंबलणार. तसंच झालं. अण्णा अलार्म लावून बाहेर पडले, पंखा बंद करायचा राहिला, पडदा हलतोय, त्यावर चारचं ऊन, आणि भोंगा सुरू. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमच्याकडं चोर रोज चारलाच येतोय, चहाला येतोय काय रे?

हे असं का होतं ते आधी सांगतो, कारण सेन्सर कुठं लावायचा हा सगळा खेळ त्याच्यावरच आहे. पीआयआर म्हणजे कॅमेरा नव्हे, त्याला माणूस बिणूस काही कळत नाही. तो स्वतः काही सोडत पण नाही, नुसती समोरनं येणारी उष्णता बघतो. पुढं जी दुधी प्लास्टिकची भिंग असते तिच्यामुळं खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात, आणि एखादी गरम वस्तू एका पट्ट्यातनं दुसऱ्या पट्ट्यात गेली की त्याला फरक जाणवतो आणि तो पॅनलला सांगतो. त्यामुळं त्याच्यासमोरनं आडवं गेलं की लगेच पकडतो आणि सरळ त्याच्या तोंडावर चालत आलं की उशिरा पकडतो. ऊन तापलेला पडदा हलला तरी त्याला फरकच दिसतो. काचेच्या पलीकडचा माणूस त्याला दिसत नाही, पण काचेतनं आलेलं ऊन मात्र आतली फरशी, पडदा तापवतं. म्हणून खिडकीकडं तोंड करून सेन्सर लावायचा नाही हे पहिलं, आणि फ्रीजच्या मागच्या बाजूला, हीटरसमोर वगैरे पण नाही.

आता पहिल्यांदा ज्यांनी सिस्टीम बसवलेली त्यांनाच फोन केला. नाव लिहीत नाही. माणूस आला, चहा घेतला, पॅनलचं झाकण पण उघडलं नाही, म्हणाला वायर्ड आता कोण वापरत नाही, सगळं काढून वायरलेस करू. कोटेशन बघून अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. वायरलेस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, भाड्याच्या घरात, फ्लॅटमध्ये, भिंती फोडायच्या नसतील तिथं तेच बरं. पण भिंतीतनं वायर आधीच गेलेली आहे, पॅनल धडधाकट आहे, तिथं एका सेन्सरपायी सगळं उपटून टाकायचं आणि परत दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येक सेन्सरचे सेल बदलत बसायचं, हे कुणी सांगितलंय?

मग ओळखीतला एक वायरमन. तो फॅन-ट्यूबची कामं झकास करतो, त्यात शंका नाही, म्हणून त्याचं पण नाव नको. त्यानं तासाभरात सेन्सर काढून समोरच्या भिंतीला ठोकला, पीओपीच्या वरनं वायर नेली, जुन्या वायरला नवीन पिळली, टेप मारली, झालं. पैसे पण थोडेच घेतले. ऊन लागायचं बंद झालं, सगळे खूश. आणि पहिला वळीव पडून हवेत ओल आली तसं रात्री-अपरात्री पॅनल टँपर, म्हणजे कुणीतरी छेडछाड केली असं दाखवायला लागलं. कधी झोन उघडा दाखवतंय, कधी आपोआप नीट होतंय. आई तर म्हणाली बंदच करून टाका ते, चोर परवडला.

तिथनं मी शोधत शोधत राजारामपुरीत पोचलो. मेन रोडवरनं आतल्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि त्याच्या बाजूला हा बसतो. दुकान म्हणजे काय, एक टेबल, त्यावर सोल्डरिंगचं मशीन, भिंतीला लटकवलेली पॅनलची रिकामी डबडी. पहिल्या भेटीत माझ्याकडं बघितलं पण नाही, हातातलं काम संपवलं आणि मग विचारलं, "पॅनल कुठल्या कंपनीचं, आणि इंजिनिअर कोड हाय का तुमच्याकडं?" हा प्रश्न आधीच्या दोघांपैकी एकानं पण विचारला नव्हता.

कोडचं जरा सांगतो, कारण यात लय जण अडकलेत. अलार्मला दोन प्रकारचे कोड असतात, एक आपला रोजचा, चालू-बंद करायचा, आणि दुसरा बसवणाऱ्याचा, ज्यानं आतली सेटिंग बदलता येते आणि झाकण उघडलं तरी भोंगा वाजत नाही. पुष्कळ ठिकाणी बसवणारे हा दुसरा कोड देतच नाहीत, म्हणजे तुम्ही कायम त्यांच्याकडंच गेलं पाहिजे. सिस्टीम तुमची, पैसे तुमचे, आणि किल्ली त्यांच्या खिशात. मी तीनदा फोन करून, शेवटी जरा आवाज चढवून तो मिळवला. नवीन बसवत असाल तर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तो कोड लिहून घ्या. त्यांनी नंतर बदलून टाका म्हटलं तर बदलून टाका, पण तुमच्याकडं पाहिजे.

तर हा गडी आला. सकाळी येतो म्हणून संध्याकाळी आला, ते नंतर सांगतो. आल्या आल्या बाहेरच्या भोंग्याकडं गेला. अण्णा म्हणाले सेन्सर आत आहे. तो म्हणाला, "काका, भोंग्यात स्वतःची बॅटरी असत्या. आत पॅनल बंद केलं की त्याला वाटतंय कुणीतरी वायर कापली, आणि मग सगळी गल्ली गोळा हुतीया." कोड टाकून सिस्टीम सर्व्हिसला घेतली, भोंगा गप्प केला, मग पॅनलची मेन लाईन बंद, मग बॅटरीची पिन काढली. म्हटलं १२ व्होल्टला कशाला एवढं, शॉक तर बसत नाही. तर म्हणाला शॉक तुम्हाला बसत नाही, पण चुकून प्लसची तार मायनसला लागली की पॅनलमधला फ्यूज उडतो, आणि काही पॅनलचा फ्यूज बोर्डवरच असतो, मग बोर्ड घेऊन फिरा.

मग शिडीवर चढून पीओपीतल्या लाईटच्या भोकातनं हात घालून तो जुना जॉइंट बाहेर ओढला. तो बघण्यासारखा होता. काळी टेप सुटून चिकट झालेली, तिला धूळ आणि चुना लागलेला, आत तांब्याच्या तारांना हिरवट पुटं आलेली, आणि दोन तारा तर नुसत्या एकमेकींना टेकून होत्या, पीळ पण सुटलेला. त्यानं मीटर लावला आणि बोटानं जॉइंटला हळूच टिचकी मारली, आकडा इकडचा तिकडं. परत टिचकी, परत नाचला. म्हणाला हेच तुमचं टँपर.

याचं कारण असं की अलार्मची लाईन ही सतत जोडलेली असते. सेन्सर शांत असतो तेव्हा आतला संपर्क जोडलेला असतो, सर्किट पूर्ण असतं, आणि काही दिसलं किंवा कुणी वायर तोडली की सर्किट तुटतं आणि पॅनल ओरडतं. टँपरचं पण तसंच, सेन्सरचं झाकण कुणी उघडलं की ती लाईन तुटते. म्हणजे जॉइंट ढिला असला, गंजला, ओलीनं त्याचा रेझिस्टन्स वाढला, की पॅनलच्या दृष्टीनं कुणीतरी वायर कापलीच. ट्यूबलाईटच्या वायरला असला जॉइंट वर्षानुवर्षं चालून जातो कारण तिथं २३० व्होल्ट असतात, करंट पण बऱ्यापैकी जातो. इथं काही मिलीअँपचा कारभार, आणि कोल्हापूरचा पावसाळा, जिथं जूनपासनं कपाटातल्या चपलेला पण बुरशी येते.

पण खरी गंमत पुढं होती. त्या जॉइंटमध्ये एक बारीक रेझिस्टर, म्हणजे करंटला ठराविक अडथळा करणारा तुकडा होता, तो सापडल्यावर हा गडी स्वतःशीच हसला. मला खाली बोलावलं, पॅनल परत चालू केलं, सेन्सरपाशी गेला आणि झोनच्या दोन तारा एकमेकींना चिकटवून धरल्या. अण्णांना म्हणाला, "काका, आता सेन्सरसमोर जरा हिंडा." अण्णा हिंडले. हात हलवले. सेन्सरचा लाल दिवा लुकलुकतोय, आणि पॅनल म्हणतंय सगळं ठीक आहे. अण्णांनी तर समोर उभं राहून दोन उठाबशा काढल्या. काही नाही.

हा जो रेझिस्टर आहे तो लाईनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरच्या डबीत बसवायचा असतो. पॅनल त्याची व्हॅल्यू सतत मोजत असतं. डीएससी कंपनीच्या पॅनलला ५.६ के (के म्हणजे हजार ओहम) लागतो, हनीवेलच्या व्हिस्टाला २ के, पॅराडॉक्सला १ के, ज्याची त्याची वेगळी. व्हॅल्यू बरोबर आली तर ठीक, लाईन तुटली तर कळतं, आणि दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर व्हॅल्यू शून्य येते आणि तेही कळतं. पण आमच्या वायरमननं जुन्या जागेवरनं सेन्सर काढताना तो रेझिस्टर तिथंच जॉइंटमध्ये ठेवला आणि नुसत्या तारा पुढं नेल्या. मग जॉइंटपासनं सेन्सरपर्यंतच्या वायरीत कुठंही खिळा लागून तारा चिकटल्या, की सेन्सर कायमचा आंधळा, आणि पॅनलवर हिरवा दिवा. खोट्या अलार्मनं माणूस वैतागतो पण निदान काहीतरी बिघडलंय हे तरी कळतं, हे तर कळलं पण नसतं. सेन्सर हलवून, वायर वाढवून घेतली असेल तर एवढंच विचारा की रेझिस्टर कुठं आहे. सेन्सरच्या आत आहे म्हणाला तर झाकण उघडून दाखव म्हणा. आणि काही घरात तो पॅनलमध्येच टर्मिनलला लावून ठेवलेला असतो, आळस म्हणून, त्याचा पण काही उपयोग नाही.

आता जागा ठरवायची. माझी अपेक्षा होती की हा पण ड्रिल काढणार आणि भोक पाडणार. त्यानं काय केलं, पिशवीतनं एक लांब तात्पुरती वायर काढली, सेन्सर तिला जोडला आणि हाताखालच्या पोराला शिडीवर उभं करून सेन्सर हातात धरायला लावला. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या कोपऱ्यात, जरा वर, जरा खाली. आणि आम्हाला चालायला लावलं. मी चाललो. मग आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही स्वयंपाकघरातनं या, पण हळू, चोरानं यावं तसं." आई पदर खोचून भिंतीला धरून पाऊल टाकत आली, मध्येच हसू आलं तिला, तरी सेन्सरनं तिसऱ्या पावलाला पकडलं. शेवटी खिडकी ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीचा कोपरा ठरला, म्हणजे खिडकी सेन्सरच्या बगलेत गेली, ऊन त्याच्या तोंडावर येत नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारातनं जिन्याकडं जाणारा माणूस बरोबर आडवा जातो. उंची सव्वासात फुटाच्या आसपास. फार वर लावला तर खाली पट्टे विरळ होतात, फार खाली लावला तर कुणीही हात लावतं.

वायर. सहा तारांची अलार्म केबल आणली होती त्यानं, त्यातली प्रत्येक तार बारीक बारीक सात धाग्यांची, लवचिक. दोन तारा पॉवरला, दोन झोनला, दोन टँपरला. मी म्हटलं घरात इंटरनेटची कॅट सिक्स पडलीय, ती चालेल का, तर म्हणाला चालते पण तिची तार एकेरी असते, कडक, स्क्रूखाली दाबून दोनदा इकडं तिकडं वाकवली की तुटते, दुकानात वापरतो कधी पण घरात नको. मला दुसरी शंका होती ती व्होल्टेजची, कारण वायर वाढवली की पॉवर कमी होते असं सगळेच सांगतात. त्यानं तिथंच मोबाईलवर हिशोब करून दाखवला. ही ०.२२ स्क्वेअर एमएमची तार, किलोमीटरला साधारण ८० ओहम. आपली वाढीव वायर ११ मीटर, जायचं-यायचं मिळून २२, म्हणजे दोन ओहमच्या आतच. सेन्सर घेतो १५-२० मिलीअँप. म्हणजे ०.०३-०.०४ व्होल्ट गेला, १२-१३ मधनं. काही फरक पडत नाही. भोंग्याची वायर असती तर मात्र विचार करायला लागला असता, तो एक अँपपर्यंत पण ओढतो, तिथं त्याच वायरीत दीड-पावणेदोन व्होल्ट उडतात.

जुन्या वायरमननं त्याची वायर पीओपीवरनं पंख्याच्या वायरीबरोबर एकाच पाईपातनं नेली होती. ती सगळी बाहेर काढली. लाईटची आणि अलार्मची वायर एका पाईपात घालायचीच नाही, एक तर लाईटच्या वायरीचं इन्सुलेशन कधी गेलं तर २३० व्होल्ट थेट पॅनलमध्ये, आणि दुसरं म्हणजे पंखा-मोटर चालू बंद होताना जो झटका येतो तो बाजूच्या बारीक वायरीत उमटतो. शेजारनं न्यायचीच झाली तर फूटभर अंतर ठेवायचं, ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडायची. त्यानं दाराच्या चौकटीच्या वरनं, पडद्याच्या पाईपाच्या मागनं केसिंग पट्टी मारली, समोरनं बघितलं तर दिसत पण नाही.

जॉइंट कसा करतात ते मी शिडीखाली उभं राहून बघितलं. सहा तारा, पण सगळ्या एकाच ठिकाणी कापल्या नाहीत, एक जरा पुढं, एक जरा मागं, म्हणजे जोड शेजारी शेजारी येत नाहीत आणि जाडी पण होत नाही. प्रत्येक तारेवर आधी श्रिंक स्लीव्ह सरकवायची, मग पीळ द्यायचा, मग सोल्डर. सोल्डर बाहेरनं थापायचं नाही, तार तापवायची आणि सोल्डर तिच्यात आपोआप शोषलं गेलं पाहिजे, जोड चकचकीत दिसला पाहिजे. मळकट, गोळा झालेला दिसला तर तो आतनं सुटा. मग स्लीव्ह जोडावर आणून गरम हवेच्या गननं आवळायची. लायटरनं करतात पुष्कळ जण, काळी पडते आणि कधी कधी तार पण जळते. पोरगं एका तारेला स्लीव्ह घालायला विसरलं, सोल्डर करून झाल्यावर लक्षात आलं, तर त्यानं ती परत कापायला लावली. टेप मारून भागवता आलं असतं, कुणाला कळणार होतं. मग सगळा जॉइंट एका छोट्या डबीत, डबीच्या झाकणाला पण टँपर, आणि डबी पीओपीत न लपवता बाहेर, दाराच्या वर, हात पोचेल अशी. म्हणाला पाच वर्षांनी कुणी दुसरा आला तर त्याला सापडली पाहिजे.

काम करता करता बोलत होता. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर त्यानं शाहूपुरी, दुधाळी भागात लय घरं परत केलीत म्हणाला. पाणी उतरल्यावर लोक पॅनल पुसून चालू करायचे आणि पॅनल नीट असायचं पण खाली स्कर्टिंगजवळ केलेल्या जॉइंटमध्ये गाळ बसलेला. तेव्हापासनं जॉइंट कधी स्विचबोर्डच्या खाली करत नाही. आमच्याकडं पाणी येत नाही, पण राजाराम बंधाऱ्याचा आकडा ४३ फुटाकडं, म्हणजे पंचगंगेच्या धोका पातळीकडं सरकायला लागला की कोल्हापुरात कुणाची झोप उडत नाही सांगा, त्यामुळं मला ते पटलं.

सेन्सर बसवायच्या आधी त्यानं तो उघडून दाखवला. आत कोळ्याचं जाळं, तीन मेलेल्या मुंग्या, आणि वायर येते त्या भोकापाशी पालीची लेंडी. भोक बंद नसलं की किडे आत जातात, आतल्या गरम बोर्डावर बसतात, आणि सेन्सरला तो किडा हत्तीएवढा दिसतो कारण तो डोळ्यालाच चिकटलेला असतो. ब्रशनं साफ केला, भिंगाला आतनं हात न लावता, आणि वायर घातल्यावर मागनं सिलिकॉननं भोक बुजवलं. भोक पाडताना जुन्या कॅलेंडरचं पान दुमडून खाली चिकटवलं होतं, सगळा चुना त्यात. यावर आई एवढी खूश झाली की दुसऱ्यांदा चहा झाला.

शेवटी बॅटरी. पॅनलमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची असते. चार्जिंगवर मोजली तर १३.६ दाखवत होती, म्हणजे वरनं सगळं झकास. मग त्यानं मेन बंद केला आणि नुसत्या बॅटरीवर सिस्टीम ठेवून भोंगा दिला, तर काही सेकंदात आकडा ११ च्या खाली घसरला आणि भोंग्याचा आवाज बसला. लाईट असताना कधी कळलंच नसतं. साधारण तीन ते पाच वर्षं आयुष्य असतं तिचं, आमचीचं वय जास्तच झालं होतं. माझ्याकडनंच घ्या असं म्हणाला नाही, कुठलीही चांगल्या कंपनीची घ्या, फक्त तारीख बघून घ्या, म्हणाला. मी त्याच्याकडनंच घेतली.

पैसे: वायर, पट्टी, डबी, जॉइंट, सेन्सर हलवणं, सगळं मिळून १,९०० रुपये, बॅटरी वेगळी. पहिल्या वायरमनपेक्षा तिप्पट, वायरलेसच्या कोटेशनपुढं किरकोळ. मला महाग वाटलं नाही. बिल मागितलं तर जरा कुरकूर केली, जीएसटीसकट पाहिजे तर १८ टक्के वर येतील म्हणाला, तेवढ्यावर मी गप्प बसलो.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत. वेळ पाळत नाही. सकाळी म्हणजे संध्याकाळी, उद्या म्हणजे परवा, आणि मध्ये फोन केला तर उचलत नाही. पुण्याहून सुट्टी काढून आलेला माणूस असता तर वेडा झाला असता. दुसरं, केसिंग पट्टी पांढरीशुभ्र आणली, आमची भिंत क्रीम, आईला ते रोज दिसतं आणि रोज खटकतं. पट्टीच्या एका टोकाला कॅप लावायची राहिली, पाठवतो म्हणाला, अजून यायचीय. सेन्सरचा लाल दिवा टेस्टिंगनंतर बंद करायचा असतो, नाहीतर घरात येणाऱ्या कुणालाही चालून बघता येतं की सेन्सर कुठपर्यंत पकडतो, तो बंद करायला पण विसरला होता, मीच झाकण उघडून जंपर, म्हणजे आतली छोटी पिन बदलली, आता कोड आहे ना माझ्याकडं. आणि कुठला झोन कुठं आहे, जॉइंट कुठं आहे याचा कागद लिहून देतो म्हणाला होता, तो काही दिला नाही. मी स्वतः लिहून पॅनलच्या झाकणाच्या आत चिकटवलाय.

पाच पैकी चार. कामाला पाच, वेळेला दोन, सरासरी काढत बसू नका. पावसाळा सगळा गेला, एकदा पण खोटा अलार्म नाही, टँपर नाही. फक्त एकदा वाजला तो अण्णा कोड विसरले म्हणून, त्याला कुठली वायर काय करणार.

नाव आणि नंबर इथं टाकत नाही, त्यानंच नको म्हणून सांगितलंय, आहेत तीच कामं आवरंनात म्हणतो. राजारामपुरीत अलार्म दुरुस्तीवाला कोण म्हणून विचारलं तरी कुणीही दाखवतंय. सोमवारी बंद असतो. आणि जायच्या आधी पॅनलचं झाकण न उघडता बाहेरनं कंपनीचं नाव-मॉडेलचा आणि खोलीचा एक फोटो काढून न्या, कोड खिशात ठेवा, नाहीतर पहिल्या फेरीला परत पाठवतो.